त्याने मला तंबू विकला नाही

“जमिनीवर शेवटचा कधी झोपलास?”

दुकानात पाय ठेवला की आधी हा प्रश्न. ‘या’ नाही, ‘बसा’ नाही, ‘काय दाखवू’ नाही. गळ्यातली मोजपट्टी काढून तिचं टोक बोटाला गुंडाळत, चष्म्याच्या वरून बघत म्हातारा एवढंच विचारायचा. तमिळ गिऱ्हाइकाला तमिळमध्ये, आपल्यासारख्याला त्याच्या त्या जुन्या मराठीत. उत्तर पटलं तर पट्टी सोडून उठायचा. नाही पटलं तर गुंडाळलेली पट्टी खणात टाकायचा आणि खण लावून घ्यायचा. म्हणजे तुम्ही जाऊ शकता.

तुम्हीही पाहिले असतील असे दुकानदार. माल भरपूर आणि विकायची घाई नाही. लोकांना त्यांचं कौतुक वाटतं. मला चीड येते. मी चेन्नईत आलो तो कांद्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून. ट्रक परत गेला, मी राहिलो. गोण्या उचलल्या, गाड्या धुतल्या, दुसऱ्याची व्हॅन चालवली, मग स्वतःची घेतली, मग दुसरी घेतली. जे मिळवलं ते घासाघीस करून मिळवलं. समोरच्याने आकडा सांगितला की माझं डोकं आपोआप निम्म्यावर जातं. अशा माणसाला जगात एकच प्रकारचा दुकानदार सहन होत नाही. जो आकडाच सांगत नाही तो.

एग्मोर स्टेशनच्या मागच्या गल्लीत, लॉजच्या पाट्यांच्या गर्दीत त्याचं दुकान होतं. गल्लीतले सगळे त्याला ‘राव’ म्हणायचे. घराणं तंजावरकडचं. त्याच्या मराठीत ‘सगळं’ला ‘असकं’ होतं, ‘हो’ला ‘हव’ आणि ‘बाबा रे’ला ‘पा’. वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि चढत-उतरत तमिळच्या चालीने संपायचं. तीस वर्षं सरकारी कारखान्यात सैन्यासाठी तंबू शिवले आणि निवृत्त झाल्यावर हे दुकान टाकलं. तंबू, ताडपत्री, दोऱ्या, खुंट्या, डोंगरात न्यायच्या पिशव्या. काही माल बाहेरचा, काही स्वतः शिवलेला.

त्याच्या दुकानात फरशीवर पांढऱ्या रंगाने चौकोन आखलेले होते. दोघांचा, तिघांचा, चौघांचा. तंबूच्या पिशवीवर काहीही छापलेलं असो, तो गिऱ्हाइकाला चौकोनात आडवं व्हायला लावायचा. एकदा माझ्यासमोर बँकेतले एक साहेब बायको आणि दोन मुलांना घेऊन आले. चौघांचा तंबू हवा होता. म्हाताऱ्याने चौघांना फरशीवर निजवलं. साहेबांचा इस्त्रीचा शर्ट, बाईंची रेशमी साडी. बाई हसून हसून लाल झाल्या, कारण साहेबांचे गुडघे रेषेबाहेर, धाकट्याचं डोकं थोरल्याच्या काखेत.

“चौघांचा लिवलंय ते हाताची घडी घालून निजणाऱ्या चौघांचा,” म्हातारा म्हणाला. “आता कूस बदला.”

कूस बदलली आणि धाकटा रडायला लागला. साहेब उठले, कपडे झटकले आणि सहा जणांचा तंबू घेऊन गेले. भाव विचारलाही नाही! मी खुर्चीवर बसून बघत होतो. अंगाचा तिळपापड झाला.

दुसरा एक पोरगा शोळिंगनल्लूरच्या कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीतला. फोनवर फोटो दाखवत म्हणाला, असाच पाहिजे, मोठा, उभं राहता येईल असा. म्हाताऱ्याने नाही म्हटलं नाही. त्याच मापाचा तंबू पिशवीत भरून त्याच्या पाठीवर दिला आणि म्हणाला, “स्टेशनचा पूल चढ, पलीकडे उतर, फिरून ये. मग बोलूया.” दुपारचे दोन. चेन्नईतले दुपारचे दोन. पोरगा अर्ध्या तासाने आला तो भिजलेल्या बोळ्यासारखा. म्हातारा म्हणाला, “हे पूल होतं. डोंगर नव्हे.” पोरग्याने निम्म्या वजनाचा घेतला, वर पाया पडून गेला.

आता माझं. मी व्हॅन चालवता चालवता एक गोष्ट हेरली होती. हे कंपन्यांमधले लोक शनिवार-रविवार डोंगरात जाऊन झोपायला तयार असतात आणि त्याचे चांगले पैसे देतात. येलगिरी, जव्हादू, तिकडचे डोंगर मला पाठ. गाड्या माझ्या, स्वयंपाकी ओळखीचे. फक्त तंबू हवे होते. वीस. चाळीस जणांची पहिली सहल ठरली होती. ती जमली तर मी ड्रायव्हरचा मालक होणार होतो आणि फसली तर पुन्हा लोकांच्या गाड्या धुणार होतो. कारण हाती होतं ते सगळं मी त्यात घातलं होतं.

नवा शर्ट घातला, अंगठी घातली आणि म्हाताऱ्याकडे गेलो. मराठी आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. “ये पा, बस. कुठला?” “बीडकडचा,” मी म्हटलं. मग पट्टी बोटाभोवती फिरायला लागली आणि तो प्रश्न आला.

“जमिनीवर शेवटचा कधी झोपलास?”

मी खोटं बोललो. म्हणालो, “मी? जन्मात पलंगाशिवाय झोपलो नाही.”

खरं तुम्हाला सांगतो. माझे आईबाप ऊसतोडीला जायचे. वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत दरवर्षी सहा महिने मी उसाच्या पाचटाच्या कोपीत झोपलोय. चार बांबू, वर पाचट, खाली पोतं. आत वाकून शिरायचं, रांगत बाहेर यायचं. गावातली शाळेची पोरं तिला डुकराचं खुराडं म्हणायची. चेन्नईत पंचवीस वर्षं झाली, बायकोलाही मी कोपीतलं फारसं सांगितलेलं नाही. आणि हा म्हातारा, पहिल्या भेटीत, अंगठीकडे बघत विचारतो, जमिनीवर कधी झोपलास. मला वाटलं, माझी लायकी काढतोय.

त्याने पट्टी खणात टाकली. “मग नक्को,” म्हणाला.

“काय नको?”

“तू चाळीस माणसं जमिनीवर निजवणार. तुला ठाऊक नाही जमीन काय करते. नक्को.”

मी आयुष्यात पहिल्यांदा उलटा, चढता भाव केला. पिशवीवरच्या किमतीपेक्षा जास्त देतो म्हटलं. रोख देतो म्हटलं. म्हातारा खिडकीबाहेर लॉजच्या पाटीकडे बघत बसला. शेवटी मी म्हटलं, “दुकान उघडून बसलाय कशाला मग?” तर म्हणतो, “बसायला.”

मी पायऱ्या उतरलो त्या त्याला शिव्या देतच. तिथून तडक पॅरिस कॉर्नरला गेलो. तिथल्या एका ठोक व्यापाऱ्याला दुकान बंद व्हायच्या वेळेपर्यंत असा पिळला की शेवटी त्याने हात जोडले. वीस तंबू निम्म्याहून कमी भावात. चकचकीत, निळे, बाहेरून देखणे. तो एवढ्या खाली का आला, हा विचार मी केला नाही. मी जिंकलो होतो ना.

येलगिरीला आकाश स्वच्छ होतं. पावसाचा थेंब नाही. पहाटे बघतो तर चाळीस माणसं तंबूबाहेर रस्त्यावर बसलेली, अंगाला टॉवेल गुंडाळून. केस ओले, अंथरुणं ओली. एकपदरी कापड, वर दुसरं आच्छादन नाही, हवा जायला झरोका नाही. माणसांचा श्वास आत कापडाला लागून पाणी झाला आणि त्यांच्याच अंगावर ठिबकला. एका मुलीला दम्याचा त्रास, तिला गाडीत घालून मी स्वतः घाट उतरून डॉक्टरकडे नेलं. ती बरी होती, पण त्या घाटातली वळणं मी कशी घेतली ते मला विचारू नका. परत आलो तर त्यांची टीम लीडर बाई, अजून दातही न घासलेल्या, फोनवर माझ्या सहलीबद्दल लिहीत होत्या. त्यांनी मला ते वाचून दाखवलं. इंग्रजीत होतं, पण समजलं.

दुसऱ्या दिवशी एग्मोरला गेलो. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मी त्यांच्यासमोरच सुरू झालो.

“तुम्हाला ठाऊक होतं! ठाऊक होतं तर सांगायचं होतं की बाबा, दोन पदरांचा घे, झरोक्याचा घे! नुसतं नको नको! एका पोरीचा जीव गेला असता!”

“बस,” तो म्हणाला.

“बसत नाही! तुम्ही मला काय समजता? पलंगावरचा शेठ? दहा वर्षं कोपीत झोपलोय मी! पाचटाच्या! पोत्यावर! तुमच्या या चौकोनात माझं अख्खं घर मावलं असतं!”

तोंडातून निघून गेलं. गिऱ्हाइकांना मराठी कळत नव्हतं एवढं नशीब. म्हातारा म्हणाला, “कोपीचं तोंड कुठल्या अंगाला ठेवायचे?”

“काय?”

“तोंड. दार. कुठल्या अंगाला?”

“वाऱ्याच्या पाठीला,” मी ओरडूनच सांगितलं.

“पाऊस आला तर?”

“भोवती चर खणायचा बाप. उताराच्या बाजूला पाणी काढून द्यायचा.”

“आत कोंडायचं नाही?”

“वर शेंड्याला फट ठेवायची. धूर जायला. आई म्हणायची, फट बुजवली तर सकाळी आपण...”

तिथे मी थांबलो. मला ऐकू आलं मी काय बोललो ते.

“हे असकं ठाऊक आहे,” म्हातारा हळू म्हणाला, “तरी फट नसलेला तंबू घेतलास. वीस घेतलास.”

आणि मग तो चिडला. मी त्याला चिडलेला एकदाच पाहिला, तो तेव्हा. चष्मा काढून टेबलावर आपटला. “मी विचारलो ते तुझं घराणं बघायला नव्हे पा! कारखान्यात मी तंबू शिवायचा. एकदा एक साहेब आला, आम्हा शिवणाऱ्यांना आमच्याच तंबूत निजवला, पावसात. माझी शिवण गळली. असकी रात माझ्याच अंगावर गळली. त्या दिवसापासून मी विचारतो. तू खरं सांगितला असतास तर त्याच घटकेला वीस बांधून दिलो असतो. तुझ्यासारखा शोधून मिळत नाही.”

“मग आता द्या.”

“आता नक्को. जो स्वतः कुठं निजला ते लपवतो, त्याच्या भरवशावर लोकं निजवू कसा?”

तुम्ही सांगा, काय म्हणायचं याला? लाज माझी, खोटं माझं, मान्य. पण कबूल केल्यावरही शिक्षा? न्यायाधीश आहे का तो?

वर त्याने काय केलं बघा. माझे ते वीस निळे तंबू मागवून घेतले. प्रत्येकाच्या शेंड्याला कापून जाळीचा झरोका बसवला आणि पाऊस आत येऊ नये म्हणून त्यावर टोपी शिवली. वर टाकायला वेगळं आच्छादन शिवलं, खालच्या कापडाला वीतभर काठ वर वळवला. मजुरी घेतली ती एवढी कमी की मला निम्मं करायलाही जागा ठेवली नाही. मी म्हटलं, “एवढं करता, मग नवे का देत नाही?” म्हणाला, “दुरुस्ती कुणाचीही करतो.”

माझा धंदा त्या दुरुस्त तंबूंवर उभा राहिला, हे मी लपवत नाही. सहली वाढल्या. लोक म्हणायचे, तुमच्या तंबूत गुदमरत नाही. दर महिन्याला मी त्याच्याकडे जायचो. दोरी हवी, खुंट्या हव्यात, काहीतरी निमित्त. समुद्राकाठी वाळूत खुंटी धरत नाही, तिथे वाळूने भरलेली पिशवी पुरून तिला दोरी बांधायची, हे त्याने शिकवलं. डोंगरात सपाट दिसणारी हिरवी जागा टाळायची, पाणी तिथेच येऊन बसतं, हे मी त्याला सांगितलं. ऐकून खूश झाला. पोराला मार्क पडावेत तसा.

आणि दर महिन्याला मी विचारायचो. विचारायचो म्हणजे ओरडायचो. “राव, हे जुने आता विरायला लागले. देणार आहात का नवे, का मी परत पॅरिस कॉर्नरला जाऊ?” “तुमचा आडमुठेपणा कधी संपणार?” “मराठी माणूस मराठी माणसाचे पाय ओढतो म्हणतात ते हेच!” म्हातारा शांतपणे सगळं ऐकायचा आणि समोरच्या हॉटेलात हात करायचा. दोन काप्पी यायच्या.

“रागावून झालं? पी.”

मी प्यायचो. आणखी चिडायचो.

यंदाच्या थंडीत माझ्या लागोपाठ सहली होत्या. दीड महिना एग्मोरकडे फिरकलो नाही. गेलो तेव्हा शटर अर्धं खाली. वाकून आत शिरलो. म्हाताऱ्याची मुलगी एकटी खोकी भरत होती. तिला मी दोनदा पाहिलं होतं. अड्यारला राहते, कंपनीत मोठ्या पदावर आहे, मराठी बोलताना शब्द शोधते.

“अंकल,” ती म्हणाली. “अप्पा गेले. वीस दिवस झाले. तुमचा नंबर कुणाकडे नव्हता.”

नव्हता. मी कधी दिलाच नाही. गल्लीत उभं राहून हाक मारली की तो ऐकायचा, नंबर कशाला?

अशा वेळी मी धंद्याचं बोलतो. विचारलं, “मालाचं काय करताय?”

“विकायचं आहे. दुकान महिनाअखेर सोडायचं. तुम्हाला तंबू पाहिजे, नाही?”

“किती?”

तिने आकडा सांगितला. अवाच्या सव्वा. माझं डोकं निम्म्यावर गेलं, तोंडही गेलं.

“ओके,” ती म्हणाली.

पहिल्या बोलीला समोरचा हो म्हणाला की मला कळतं मी कुठेतरी फसलोय. मी खवळलो. “ओके काय ओके? असं लगेच हो म्हणतात? बापाचा माल असा फुंकतात?”

ती हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. “अप्पाच सांगून ठेवले होते. तो येईल, ओरडेल, अर्धं करेल. म्हणून तू डबल सांग. दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही, म्हणाले.”

“मला द्यायला सांगितलं?”

“हव. ते बघा ना, बाजूलाच आहेत.”

मागच्या खोलीत, भिंतीला लावून, वीस पिशव्या. दोन पदरांचे, शेंड्याला झरोका, वळवलेला काठ. हाताने शिवलेले. पिशव्यांवर धूळ होती. धुळीवरून मला दिवस मोजता येतात, माझ्या गोदामातही बसते.

“कधीचे आहेत हे?”

“दोन वर्षं झाली असतील, अंकल.”

दोन वर्षं! दोन वर्षं मी दर महिन्याला त्या खुर्चीवर बसून काप्पी पीत होतो आणि हे दहा पावलांवर पडून होते. माझ्या नावाने. “मग दिले का नाहीत?” मी तिच्यावरच ओरडलो, जसं काही तिनेच लपवले होते. “का नाही दिले? मी मागत नव्हतो का? चोवीस वेळा मागितले!”

तिने शब्द शोधले. मग म्हणाली, “मी पण विचारलो त्यांना. ते म्हणाले, एकदा तरी नीट मागू दे. ओरडल्याशिवाय.”

मग सांगायचं होतं! एवढी सोपी गोष्ट होती, तर तोंडावर सांगायची होती! मी काय नीट बोलू शकत नाही? बोललो असतो. एकदा काय, दहादा बोललो असतो. त्याने मला सांगितलंच नाही, तर मला कसं कळणार? पंचवीस वर्षं या शहरात मी ओरडूनच सगळं मिळवलंय. दुसऱ्या तऱ्हेने मागतात कसं, हे मला कोणी दाखवलंय का? त्याने दाखवायचं होतं. तेवढा वेळ होता त्याच्याकडे. दुकान तर नुसतं बसायलाच उघडलं होतं ना!

हे सगळं मी तिला बोललो नाही. पैसे दिले. निम्मे नाही, तिने आधी सांगितले होते तेवढे. ती नको नको म्हणत होती, मी नोटा टेबलावर ठेवून बाहेर आलो.

बाहेर उन्हात टेम्पो उभा होता. हमाल एकेक पिशवी आणून टाकत होते आणि मी टेम्पोवाल्याला झापत होतो. म्हटलं, लुटायला बसलात तुम्ही लोक, एग्मोर ते माझं गोदाम किती लांब, एवढं भाडं असतं का, मला नवखा समजतोस का. गल्लीतले लोक थांबून बघायला लागले. विसावी पिशवी चढली तरी माझा आवाज खाली येत नव्हता.

तो माणूस स्टिअरिंगवर हात ठेवून बिचारा ऐकत होता. शेवटी मला दम लागला तेव्हा हळूच म्हणाला, “सार, मी अजून भाडं सांगितलंच नाही.”